वरच्या चाकाचा ठोका

दगा मिस्त्रीने फ्यूज उपसला, बंडीच्या आतल्या खिशात घातला आणि मगच वाल्मिकला म्हणाला, "हं, आता लाव हात."

"दाजी, मेन स्विच बंदच आहे की."

"स्विच कुणीही येऊन दाबेल. माझ्या खिशात हात कोण घालणार आहे?"

वाल्मिक हसला. हा दगाचा सख्खा मेहुणा, दगाच्या बायकोचा, सुंदराचा, पाठचा भाऊ. हात असा हलका, की सागवानावर फिरला तर लाकूड आपणहून वळतंय असं वाटावं. तोच हात सुरतेतल्या डिंडोलीच्या भजनी मंडळात मृदंगावर पडला की मागे बसलेल्या म्हाताऱ्यांच्याही माना डोलायच्या. येत्या कोजागिरीला धरणगावचे बुवा कीर्तनाला येणार होते आणि त्यांनी निरोपच धाडला होता, मृदंगाला वाल्मिक असेल तरच उभा राहीन. त्या दिवसापासून सुंदरा भावाला भाजीसुद्धा चिरू देत नव्हती.

आणि दगा? दगाच्या डाव्या हाताला अडीच बोटं. बाकीची चौऱ्याऐंशी साली दुसऱ्या एका शेडमध्ये अशाच लाकूडकापी यंत्राने नेली. तेव्हापासून टाळाची दोरी तो भलत्याच बोटात अडकवायचा. टाळ वाजायचा, पण जरा बोबडा.

आता शहाण्णव साल होतं. उधन्यात बन्सीलाल शेठच्या शेडमध्ये हिंडोळे बनायचे. सुरतेत ज्याच्या घरी ओटा त्याच्या घरी हिंडोळा, आणि दिवाळीआधी प्रत्येकाला नवा हवा. त्यांच्या वळणदार पाठी हातकरवतीने कापता कापता कारागिरांचे खांदे गळाले, म्हणून शेठने बंद पडलेल्या एका वखारीतून जुना बँडसॉ उचलून आणला. वर एक दोन फुटी चाक, खाली एक, आणि दोघांवरून फिरणारी दातेरी पोलादी पट्टी. सुट्या भागांच्या ढिगातून दगाने तो सहा दिवसांत उभा केला. शेठने सांगून ठेवलं होतं, मशीन चालवायला वाल्मिक. आणि वाल्मिकने उत्तर दिलं होतं, दाजी हो म्हणाले की मी हो.

त्या एका वाक्याने दगाची झोप उडाली होती.

आज दसऱ्याचा दुसरा दिवस. बारा पाठी पाच वाजता टेम्पोत चढायच्या होत्या. दोघांनी हातमोजे घातले, पट्टीचं वेटोळं अंगापासून लांब धरून उलगडलं. दगाने दात चाचपले. पट्टी उलटी बसली तर दात वर होतात आणि लाकूड माणसाच्या तोंडावर भिरकावतात. दात खाली, टेबलाकडे, हे त्याने दोनदा पाहिलं. पट्टी चाकांवर चढवली, वरचं चाक हळूहळू उचलून तिला ताण दिला, बाजूने बोटाने दाबून पाहिली.

मग हाताने चाक फिरवायला लागला. पट्टी चाकावरच्या रबराच्या मधोमध राहिली पाहिजे. ती जराशी पुढे सरकत होती. दगाने मागचा स्क्रू पाव फेरा फिरवून वरचं चाक किंचित कलतं केलं आणि पुन्हा फिरवलं. दहा फेरे, वीस फेरे. पट्टी मधोमध आली आणि तिथेच राहिली.

उरलं पट्टीला दोन्ही बाजूंनी सांभाळणारे गाईड. मध्ये कागदाएवढी फट लागते. दगाने खिशातून सप्ताहाच्या कार्यक्रमाचं पत्रक काढलं, देवाच्या चित्राची बाजू नीट घडी करून परत ठेवली, आणि वेळापत्रकाच्या बाजूची एक पट्टी फाडून फटीत सरकवली.

"दाजी, काकडा कापला तुम्ही," वाल्मिक म्हणाला.

"तू कधी उठतोस काकड्याला?"

दोन्ही झाकणं लावून झाली. पट्टीवरची जाळी लाकडाच्या वर बोटभर राहील इतकी खाली आणली. दगाने फ्यूज बसवला, सगळ्यांना बाजूला केलं, आणि पट्टीच्या रेषेत न उभं राहता स्वतः स्विच दाबला.

यंत्र गुणगुणलं. पाच मिनिटं रिकामं चालवलं. कुठे कुरकुर नाही.

"चाल," दगा म्हणाला. "लाकूड ढकलू नको, नुसतं दाखव. बोटं रेषेच्या बाहेर. शेवटच्या वितीला काठीने पुढे सरकव."

वाल्मिकने पहिली पाठ कापली. सागवानाचा भुसा उडाला, वळण असं उतरलं जसं पेन्सिलीने काढलंय. दुसरी झाली, तिसरी झाली. शेठ फाफड्याचा पुडा हातात घेऊन आला आणि खाता खाता म्हणाला, "वाह मिस्त्री! आ तो घोडो छे घोडो!"

चौथ्या पाठीला दगाचे कान टवकारले.

गुणगुणीच्या आत काहीतरी थरथरत होतं. शेडबाहेर यंत्रमागांची खडखड चालू, आत रंधे चालू, तरी त्याला ते ऐकू आलं, कारण असलंच काहीतरी त्याने बारा वर्षांपूर्वी ऐकलं होतं. तेव्हाच्या शेठने म्हटलं होतं, दोनच नग उरलेत, उरकून टाक. त्याने उरकले होते.

"बंद कर!"

"दाजी, निम्मीच झालीय..."

"बंद कर म्हणतो ना!"

वाल्मिकने स्विच दाबला. चाकं मंदावत गेली आणि थांबता थांबता स्पष्ट ऐकू आलं, ठक, ठक... ठक.

शेठचा घास थांबला. "शुं थयुं?"

दगाने फ्यूज खिशात घातला, झाकणं उघडली. गाईड जागच्या जागी, ताण तसाच. चाकं भुशाने माखलेली, ती माखणारच. त्याने पट्टीचा सांधा बोटाने चाचपला. जोडकामावर किंचित उंचवटा होता. "हाच ठोकतोय," असं म्हणून त्याने तो कानशीने घासून सपाट केला. मनाच्या तळाशी आणखी एक शंका हलली होती, पण दगाने तिच्याकडे पाहिलं नाही.

पुन्हा झाकणं, पुन्हा फ्यूज. वाल्मिक पाठ पुढे न्यायला वाकला, तोच दगाने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. "थांब. आधी रिकामं."

यंत्र सुरू झालं. एक मिनिट, दोन मिनिटं. थरथर वाढली. जाळीखालच्या बोटभर फटीत पट्टी मागे सरकताना दिसली, परत पुढे आली, परत मागे गेली, आणि धाडकन आवाज झाला. वरच्या झाकणात कुणीतरी हातोडा मारावा तसा. पट्टी चाकावरून उतरून झाकणाच्या आत आपटत राहिली आणि दगाने स्विच बंद केल्यावर गप झाली.

शेडमधले रंधे थांबले. वाल्मिकने स्वतःचे हात डोळ्यांसमोर धरले आणि उलटसुलट करून पाहिले. दगाने त्याला ओढलं नसतं तर ते हात टेबलावर असते.

पट्टीचे तीन दात वाकले होते. दगाने ती बाजूला टाकली आणि दुसरी चढवायला घेतली. शेठ घड्याळाकडे बघत होता. अडीच वाजले होते.

"मिस्त्री, आम कर," तो म्हणाला, "झाकण खोल, मशीन चालू कर. कुठं सरकते ते डोळ्याने दिसेल. वाल्मिक, तू जो, तारी नजर तेज छे."

"बघतो की," वाल्मिक म्हणाला. असा तो, कुणाला नाही म्हणणार नाही. तो उघड्या चाकाकडे वाकला आणि शेठचा हात स्विचकडे गेला. खट्‌ आवाज झाला. चाक हललं नाही.

दगाने बंडीच्या खिशावर हात ठेवला.

"मिस्त्री, फ्यूज आपो."

"नाही देणार, शेठ."

"आज काम करवानुं छे के भजन? पाच वाजता टेम्पो येतो!"

"येऊ द्या. उघड्या चाकासमोर माणूस उभा करून मी यंत्र चालू करणार नाही. दुसरा मिस्त्री आणायचा तर आणा. पण तो येईपर्यंत हा फ्यूज माझ्याकडे."

अठरा वर्षं सुरतेत काढली, पण दगा शेठशी असं कधी बोलला नव्हता. शेठने फाफड्याचा पुडा टेबलावर आपटला. "चार वाजेपर्यंत. पछी बीजो मिस्त्री." एवढं बोलून तो ऑफिसात गेला.

दुसरी पट्टी चढली, मधोमध बसली. दगा चाक हाताने फिरवत राहिला. ठोका होताच, आता बारीक. ही पट्टी नवी, हिचा सांधा गुळगुळीत. मग ठोकतंय काय?

वाल्मिकने डोळे मिटले होते. त्याची बोटं मांडीवर पडत होती. "दाजी, सांध्यावर खडू लावा."

दगाने पट्टीच्या सांध्यावर खडूची रेघ ओढली.

"आता फिरवा, एका लयीत. खडू समोर आला की 'आला' म्हणा."

दगा फिरवू लागला. वाल्मिकची बोटं ठोक्यावर पडत होती. "आला," दगा म्हणाला. काही वेळाने पुन्हा, "आला."

वाल्मिकने डोळे उघडले. "सांधा नाही हा. सांधा येतो चाकाचे दोन फेरे पुरे होऊन तिसरा सुरू झाल्यावर. ठोका पडतोय दर फेऱ्याला. समेवर, न चुकता. चाकच बोलतंय दाजी. आणि आवाज वरून येतोय, म्हणजे वरचं बोलतंय."

दगाचा हात आऱ्यांवर थिजला.

वरचं चाक. मघापासून ज्या शंकेकडे त्याने पाठ फिरवली होती, ती आता समोर येऊन उभी राहिली. खंडेनवमीला यंत्राची पूजा झाली तेव्हा चाकं बसली होती, पट्टी खुंटीवर होती. सुंदरा स्टुलावर चढली. तेलात कालवलेला शेंदूर बोटावर घेऊन तिने वरच्या चाकाच्या रबरावरच ठसठशीत स्वस्तिक काढलं. म्हणाली, पट्टीला फिरवणारं हेच ना, मग देवाला इथेच बसवते, माझ्या भावाच्या हाताकडे बघेल. दगाने आज सकाळी पट्टी चढवताना ते पाहिलं होतं. तेल रबराला चालत नाही हे त्याला पोरवयापासून ठाऊक. पण देवाची खूण फडक्याने पुसायची? त्याच्याच्याने झालं नाही. देवाचं नाव घेऊन त्याने पट्टी त्याच्यावरूनच चढवली होती.

तेवढ्यात जेवणाचा डबा घेऊन सुंदराच दारात आली. पडलेली पट्टी, गप्प शेड, दोघांचे चेहरे पाहून तिने डबा तिथेच ठेवला. "काय व्हयनं रे? हात दखाड!"

वाल्मिकने दोन्ही हात पुढे केले. तिने दहाही बोटं चेपून पाहिली.

दगाला वाटलं, सांगावं, रबर जुनं आहे म्हणून. कुणाला कळणार होतं? तो पट्टी उतरवून स्टुलावर चढला. रबरावर बोट फिरवलं. मोकळ्या भुशाखाली एक टणक गाठ लागली, भुसाच तेलात भिजून, पट्टीखाली दाबून दाबून खरवडीसारखी बसलेली. नख लावलं, तर नखात शेंदूर आला.

तो खाली उतरला. बोट मिटून घेतलं नाही.

सुंदराने ते लाल नख पाहिलं. तोंडावर पदर धरला. "माझ्यानं व्हयनं?"

"तुझं काय, तुला कुणी सांगितलं होतं? मी सकाळी पाहिलं आणि पट्टी चढवली. मला माहीत होतं."

"माहीत होतं? आणि माझ्या भावाला उभं केलंत?"

जे चौऱ्याऐंशी साली तेव्हाच्या शेठने केलं, ते आज त्याने केलं होतं.

वाल्मिक बहिणीला म्हणाला, "बाई, त्यांनीच ओढलं मला मागे."

"तू गप रे!" तिने डोळे पुसले, पदर खोचला. "द्या ते फडकं. आणि पाणी द्या. मी बसवला, मीच उठवते."

"सुंदरा, तेलावर नुसतं पाणी..."

"साबण आहे ना? मग द्या."

ती स्टुलावर चढली. दगाने दिलेल्या लाकडी चिपेने तिने गाठ खरवडली, साबणाच्या फडक्याने रबर पुसलं, कोरड्या फडक्याने पुन्हा पुसलं. ओठ हलत होते. दगाला वाटलं, जप करतेय. जवळ गेला तर ऐकू आलं, "रागावू नको देवा, जरा बाजूला बस. पोराला काम करायचंय."

मग हात धुऊन तिने यंत्रापासून चार पावलांवरच्या लोखंडी खांबावर कोरड्या कुंकवाचं बोट टेकवलं. "इथून दिसतं त्याला सगळं."

दगाने पट्टी चढवली. ताण, कल, गाईड, पुन्हा तो कागद, झाकणं, जाळी. एकही गोष्ट त्याने गाळली नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही. हाताने तीस फेरे. वाल्मिक डोळे मिटून बसला होता. त्याची बोटं मांडीवर तयार होती, पण पडली नाहीत.

फ्यूज बसला. दगा रिकाम्या यंत्रासमोर दहा मिनिटं उभा राहिला. मग वाल्मिकने लाकूड उचललं, तर दगाने ते हातातून घेतलं.

"पहिली पाठ मी कापतो."

"अहो, तुमची अडीचच..." सुंदरा म्हणाली.

"म्हणूनच."

त्याने एक पाठ कापली, दुसरी कापली. तिसरीआधी स्विच बंद केला आणि चाक थांबेपर्यंत ऐकत राहिला. चाक मंदावलं, अजून मंदावलं. नुसता वारा. थांबलं.

"आता ये," तो वाल्मिकला म्हणाला.

पाच वाजता टेम्पो आला तेव्हा अकरा पाठी तयार होत्या. मघाची अर्धवट कापलेली चौथी तेवढी कडेला तशीच पडली होती. शेठने अकरा मोजल्या, कपाळाला आठ्या घातल्या, मग त्याची नजर झाकणाला आतून पडलेल्या पोच्याकडे गेली. त्याने त्यावर हात फिरवला. जाताना थंड झालेल्या फाफड्याचा पुडा तेवढा सुंदराच्या हातात दिला.

वाल्मिक त्या अर्धवट पाठीवर बसून बोटांनी सागवान वाजवत होता. दगाने फ्यूज काढून खिशात घातला आणि त्याच्याजवळ टेकला.

"दाजी, कोजागिरीला टाळ घेऊन माझ्या डाव्या अंगाला बसा."

"माझा टाळ बोबडा वाजतो रे."

"वाजू द्या. कान तर धड आहेत."

सुंदराने तिघांच्या मध्ये डबा उघडला. दगाने आधी वाल्मिकच्या हाताकडे पाहिलं, तो भाकरी मोडत होता, पाचही बोटांनी. मग स्वतःचा घास घेतला.