उपडा कप

घरात त्याला सगळे दवंडी म्हणत, आणि ते त्याने कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. बाजाराच्या टोकाला त्याचं किल्ल्या-कुलपांचं दुकान होतं. लोकांची अडकलेली कुलपं तो चुटकीसरशी उघडायचा. स्वतःच्या तोंडाला बसेल असं कुलूप मात्र त्याला कधी सापडलं नाही. कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची अक्कलदाढ काढली, कुटुंबाच्या ग्रुपवर पहिली बातमी त्याचीच. भाचीला मुलगी झाली तेव्हा तर ती बिचारी गुंगीतून बाहेर येऊन फोन हातात घेईपर्यंत ग्रुपवर अभिनंदनं संपून बाळाच्या नावावर भांडणं सुरू झाली होती.

तेही खपून गेलं. खपलं नाही ते उपांत्य सामन्याचं.

त्याची थोरली बहीण, ताई, हॉस्पिटलात नर्स होती. शहराच्या फुटबॉल संघाचं वेड वडिलांनी दोघांनाही लहानपणीच लावलेलं. त्याला ते बेताचं लागलं आणि ताईला पुरतं. पण सामने रविवारी दुपारी आणि ताईची ड्यूटीही नेमकी रविवारी दुपारी. मग ती घरी रेकॉर्डिंग लावून जायची आणि दिवसभर निकालापासून जीव वाचवत फिरायची. एप्रनवर चिठ्ठी असायची, 'मला स्कोर सांगू नका'. सलाईन लावलेले पेशंटही ती वाचून गप्प बसायचे. सुटल्यावर कानात कापूस घालून, मान खाली घालून ती चालत घर गाठायची, चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर बसायची आणि मग तिचा सामना सुरू व्हायचा.

उपांत्य सामना आपण जिंकलो आणि दवंडीने ग्रुपवर नाचणाऱ्या बाईची इमोजी टाकली. तीनदा.

"मी स्कोर कुठे सांगितला?" नंतर तो सगळ्यांना विचारत सुटला. "एक आकडा लिहिला का? एक अक्षर?"

"नाचणारी बाई हरल्यावर टाकतात का हो?" बायको म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला.

ताई ग्रुप सोडून गेली. भावाशी बोलणंही तिने बंद केलं. आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. ती नुसती गप्प झाली. बडबड्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. चारचौघांनी मनधरणी केली तेव्हा ती ग्रुपवर परत आली, पण स्वतःचा नियम घेऊन. सामना असेल त्या दिवशी ताई भरल्या कपाचा फोटो टाकेल, म्हणजे तिने बघायला सुरुवात केली. सामना संपला की उपड्या कपाचा फोटो टाकेल. कप उपडा होईपर्यंत ग्रुपवर हवा-पाणी, भाजी-आमटी, मांजरांचे फोटो, काहीही चालेल. सामन्याबद्दल ब्र नाही, चित्रही नाही. सगळ्यांनी मान्य केलं. भावाशी मात्र ती अजूनही दुसऱ्यांमार्फतच बोलायची. "त्याला सांगा, माझ्या दाराचं कुलूप अडकतंय." तो जाऊन दुरुस्त करून यायचा, ती ड्यूटीवर असताना.

अंतिम सामन्याच्या रविवारी त्याने कानाला खडा लावला. सामना सुरू होण्याआधीच फोन बंद केला, लोखंडी कपाटात ठेवला, कपाटाला दुकानातलं सगळ्यात हट्टी कुलूप घातलं आणि किल्ली बायकोच्या हातात दिली.

"मी पाया पडलो तरी देऊ नकोस."

संघ जिंकला. तोही कसा, तर एका गोलने मागे असताना, अगदी शेवटी. दवंडी घरभर नाचला, उशीत तोंड खुपसून ओरडला, कपाटापाशी जाऊन कुलपावरून हात फिरवून आला. बायकोने किल्ली दिली नाही. खाली रस्त्यावर गाड्यांचे भोंगे वाजत होते आणि हा जगातला एकमेव माणूस मूग गिळून बसला होता. स्वतःचाच त्याला इतका अभिमान वाटला की तोही कुणाला तरी सांगावासा वाटला.

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. ताईचा होता. बायकोने ऐकलं, डोळे मोठे केले आणि फोन त्याच्यापुढे धरला. "तुमच्याशीच बोलायचं म्हणतायत."

त्याने फोन कानाला लावला.

"हरलो ना रे?" ताई म्हणाली. इतक्या दिवसांनी पहिलं वाक्य, आणि तेही किती मऊ.

"अं?"

"सुट्टीत चहाला बसले होते, ग्रुप उघडला. सगळ्यांचं काही ना काही आहे. मामेभावाने मांजर टाकलंय. तुझं सकाळपासून काही नाही. तू आणि गप्प? जिंकलो असतो तर नियम गेला खड्ड्यात, तू निदान ढोकळ्याचा तरी फोटो टाकला असतास."

दवंडी उघड्या तोंडाने उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो गप्प बसला होता आणि तीच मोठी बातमी झाली होती. तीही चुकीची!

"वाईट वाटून घेऊ नकोस," ताई सांगत होती. "मला कळतंय तुझ्या मनाचं. बाबा असते तर म्हणाले असते, पुढच्या वर्षी. जेव बरं नीट. मी आता बघत नाही तो सामना. घरी जाऊन पुसून टाकते आणि झोपते सरळ."

पुसून टाकते! त्याच्या डोळ्यांपुढे ती रिमोट घेऊन उभी राहिली. 'पुसू नकोस' म्हणावं तर तिला कळणार. गप्प राहावं तर हा असा सामना तिच्या हाताने नाहीसा होणार, आणि उद्या वॉर्डबॉय तिला सांगणार. बरं, खरं सांगून टाकावं तर पुन्हा तेच, उपांत्य सामन्याचं. इतक्या दिवसांनी बहीण प्रेमाने बोलत होती आणि तिचं समाधान करायला त्याच्याजवळ एक शब्द उरला नव्हता.

"मी बघितलाच नाही," तो म्हणाला.

"काय?"

"सामना. म्हटलं, तुझ्याबरोबर बघू. म्हणून फोन कपाटात टाकला. रागावली नसशील तर येतो."

"तिला दे फोन," ताई म्हणाली.

बायकोने फोन घेतला. "हो ताई. कपाटातच आहे फोन, कुलपात. किल्ली माझ्याकडे आहे, अगदी खरं." बाकीच्याबद्दल तिने चकार शब्द काढला नाही, आणि दवंडीला वाटलं, बोलावं कसं हे शिकायचं तर हिच्याकडून.

संध्याकाळी तो स्कूटर घेऊन हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाशी उभा राहिला. पुढच्या रस्त्यावर झेंडे घेऊन लोक नाचत होते. ताईने एक नजर टाकली असती तरी सगळं मुसळ केरात. ती आली ती कानात कापूस घालूनच. त्याच्याकडे तिने बघितलं, तो वाळलाय का हे बघावं तसं.

"डोळे मीट," तो खुणेने म्हणाला.

तिने मिटले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ती मागे बसली आणि त्याने गोदामांमागचा खड्ड्यांचा रस्ता धरला. अख्ख्या वाटेत तिने डोळे उघडले नाहीत. खांद्यावरचा तो हात त्याला फार बरा वाटला. एवढ्यासाठी त्याने शहराला दोन वळसे आणखी घातले असते.

घरी ताईने चहा केला, भरल्या कपाचा फोटो टाकला आणि दोघं सोफ्यावर बसली. दवंडीने नाटक करायचं असं ठरवलं होतं, आणि त्याला वाटत होतं तेवढं ते वाईटही होत नव्हतं. तो पंचाला शिव्या देत होता, मांडीवर थापा मारत होता. पलीकडच्यांनी गोल केला तेव्हा त्याने डोक्याला हात लावला.

"बघ," ताई म्हणाली. "मी म्हटलंच होतं. हरणार."

"हं."

"हे लोक आपल्याला रडवायलाच जन्माला आलेत. बंद करू का?"

त्याने जीभ दातांखाली धरली. "चहा संपव आधी," एवढंच म्हणाला.

बरोबरी झाली तेव्हा ताई सोफ्यावरून उठून टीव्हीला जाऊन चिकटली. परत बसली ती कडेला, पाय हलवत, कप कोपराशी ठेवून. दवंडीने आता पडद्याकडे बघणं सोडलं होतं. पडद्यावर काय होणार ते त्याला पाठ होतं. ताईच्या चेहऱ्यावर काय होणार ते नव्हतं. ड्यूटीने ओढलेला, पिकल्या केसांचा तो चेहरा हळूहळू मैदानावर बाबांच्या खांद्यावर बसलेल्या मुलीचा होत चालला होता. आजवर त्याने किती बातम्या दिल्या, पण त्या ऐकणाऱ्याचं तोंड कधी बघितलं नव्हतं. बघणार कसा? तोवर तो पुढच्या माणसाला सांगायला धावलेला असायचा.

शेवटचा कॉर्नर. चेंडू वर गेला, आणि ताई ओरडली. उभी राहिली, उशी फेकली, भावाच्या पाठीत दोन गुद्दे घातले, "जिंकलो! अरे जिंकलो!" म्हणत त्याच्या गळ्यात पडली आणि मग ढसाढसा रडली. तोही रडला, आणि त्यात नाटक नव्हतं.

रडून झाल्यावर ताईने चहासाठी हात लांबवला. कोपराशी कप नव्हता. तो दवंडीच्या हातात होता. अर्धा भरलेला, एक थेंब न सांडलेला.

"माझा कप तुझ्या हातात कसा?"

"सांडला असता."

"कधी घेतलास?"

ताईने त्याच्याकडे बघितलं, मग टीव्हीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. कॉर्नर लागण्याआधीच त्याने तो उचलला होता, हे तिला कळायला वेळ लागला नाही. कपाट, किल्ली, खड्ड्यांचा रस्ता, सगळं तिच्या डोळ्यांत एकेक करून उतरलेलं त्याला दिसलं. आता पुन्हा अबोला, असं धरून त्याने मान खाली घातली.

"म्हणजे मी फोनवर तुझं सांत्वन करत होते तेव्हा..."

"हो."

"आणि तू गप्प राहिलास. तू?"

"मरायला टेकलो होतो ताई."

ती हसायला लागली. हसता हसता तिने त्याच्या हातातून कप घेतला, राहिलेला गार चहा एका घोटात संपवला, कप बशीत उपडा घातला, फोटो काढला. मग तो न पाठवताच फोन त्याच्या हातात दिला.

"टाक. नाचणारी बाईही टाक. हव्या तेवढ्या."

त्याने फोन घेतला. अंगठा पडद्यावर आला आणि तसाच थांबला.

"टाक की!"

"थांब जरा," दवंडी म्हणाला. "आणखी थोडा वेळ दोघांतच राहू दे."

ताईने पाय वर घेतले, उशी उचलून पाठीशी घातली. "पुढच्या वर्षीही माझ्या रविवारच्या ड्यूट्या आहेत," ती म्हणाली. "तू आधी बघून घेत जा. मग ये. कप धरायला कुणीतरी लागतं."