भीतीची वेलांटी

छापखान्यात तिला सगळे वेलांटीबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडायचं. बावीस वर्षं मुद्रितं तपासून तिला अशी खोड लागली होती की लाल पेन हातात घेतल्याशिवाय औषधाच्या बाटलीवरचं लेबलही वाचता येत नसे. तरुणपणी एकाने तिला लग्नाची मागणी घालणारं पत्र लिहिलं, ते तिने दुरुस्त करून परत पाठवलं. बिचारा पुन्हा फिरकला नाही. छापखान्याचे दोन नियम तिच्या हाडीमाशी भिनले होते. शुद्धलेखन आपलं, मजकूर लेखकाचा. आणि प्रत्येक दुरुस्तीशेजारी आपली सही.

मागच्या वर्षी तिच्या सख्ख्या थोरल्या भावाने तिच्या डोक्यात लोखंडी पाना घातला. तो गाड्या दुरुस्त करायचा, पाना हाताशीच होता. रेडिओचा आवाज कमी कर, एवढंच ती म्हणाली होती. सतरा टाके पडले, डावा कान कायमचा गेला आणि पोलिसांनी खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवला. दादा जामिनावर सुटला, पण खटला संपेपर्यंत घरात पाऊल ठेवायचं नाही अशी अट होती. म्हणून तो बायकामुलांसह सासुरवाडीला राहत होता, आणि म्हणूनच वेलांटीबाईला झोप लागत होती. खटला मिटला की अटही मिटणार. मग तिच्या आणि त्याच्या खोल्यांच्या मध्ये उरणार ती फक्त प्लायवूडची एक भिंत.

आईने एकच धोशा लावला होता. "दोन्ही लेकरं एका छताखाली बघू दे, मग मी मरायला मोकळी. हात निसटला गं त्याचा."

"तीनदा निसटला, आई?"

यावर आई रडायला लागायची, आणि त्या हत्यारापुढे कुणाचं काय चालणार?

शेवटी दादाच्या वकिलाने तडजोडीचं प्रतिज्ञापत्र घरी पाठवलं. "सही नको करूस, नुसतं वाच तरी," आई म्हणाली. वाचण्यात काय जातंय, म्हणून ती पेन घेऊन बसली. 'सदर तक्रार गैरसमजूतीतून दिली गेली.' तिने कपाळाला आठी घातली आणि 'जू' ऱ्हस्व केला. 'मी हे कोणाच्याही भितीपोटी लिहून देत नाही.' इथे पेन जरा अडखळला. वाक्य धादांत खोटं होतं. भीती होती, वर्षभर होती. पण मजकूर लेखकाचा. तिने पहिली वेलांटी दुसरी केली आणि शेजारी सही ठोकली. अशा अकरा दुरुस्त्या निघाल्या. खाली जिथे सही हवी होती तिथे मात्र तिने केली नाही, आणि कागद परत देताना आपण फार खंबीर आहोत असं तिला वाटलं. शहाण्या माणसाचा मूर्खपणाही असा नीटनेटका असतो.

तारखेच्या दिवशी हायकोर्टाच्या व्हरांड्यात आईने तिचे पाय धरले. भर गर्दीत, ऐंशी वर्षांच्या आईने. वहिनी भिंतीवरची यादी वाचत असल्यासारखी उभी राहिली. वेलांटीबाईने खाली सही केली. मनाशी म्हणाली, न्यायाधीश विचारतीलच, खुशीने करताय का म्हणून. तेव्हा खरं ते सांगू.

न्यायाधीशांनी कागद उलगडला. "ही लाल शाई कसली?"

"फिर्यादी स्वतः मुद्रितशोधक आहेत, साहेब," दादाचा वकील म्हणाला. त्याला केवढा आनंद झाला होता. "ओळ न् ओळ वाचून स्वतःच्या हाताने दुरुस्त केलंय. अकरा ठिकाणी सह्या आहेत."

न्यायाधीश हसले. माणूस भला होता. "इथे लोक न वाचता सह्या करतात. यांना आता मी वेगळं काय विचारू?" तरी एक प्रश्न त्यांनी विचारलाच. "हे अक्षर तुमचंच ना, बाई?"

"हो, पण..."

"हो म्हणाल्या, साहेब," वकील मध्येच म्हणाला.

तोवर न्यायाधीश सांगायला लागले होते. वाद घरातला आहे, फिर्यादी सुशिक्षित आहे, तिची तक्रार उरलेली नाही, मग खटला चालवून कुणाचं भलं होणार? गुन्हा रद्द. वेलांटीबाई 'पण'च्या पुढचं वाक्य जुळवत तिथेच उभी होती. शिपायाने पुढचं नाव पुकारलं आणि तिला म्हणाला, "बाई, सरका बाजूला. झालं तुमचं."

संध्याकाळी दादा आला. दोन बॅगा, वहिनी, मुलं. तो ओशाळं हसला. "झालं गेलं विसरून जा." तिने मान डोलावली. मग ती आपल्या खोलीत गेली आणि आतून कडी लावून पलंगाच्या कडेला बसली. प्लायवूडपलीकडे त्याची पावलं ऐकू येत होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

आईने दारावर हलकेच टकटक केलं. "अगं, कडी कशाला लावलीस? आजच आलाय तो. काय वाटेल त्याला?"

तिने उठून कडी काढली.