चष्मिसला शिंक येते

टीव्ही मालिकेतल्या विद्वान चष्मिसला काय आवडतं, काय झेपत नाही, हे सगळं, मागच्यापुढच्या भागांचा मेळ सांभाळणाऱ्या नोंदबाईंच्या जाडजूड वहीत असायचं. कुठलीही बाई समोर आली, अगदी शेजारीण जरी, की तो त-त-प-प करतो. बुटाची नाडी त्याला बांधता येत नाही. चार वर्षं हेच चाललं होतं. त्याला नाडी बांधायला शिकवावं, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

एकशेबाराव्या भागात लेखकमहाशयांनी त्याला मांजर बघून शिंका आणल्या.

"अहो, आठव्या भागात त्यानं मांजर पाळलं होतं," नोंदबाई म्हणाल्या. "तेराव्यात ते मेलं."

"प्रेक्षकांना कुठं आठवतंय?"

प्रेक्षकांना सगळं आठवत होतं. साडेसहाशे तक्रारी आल्या. एका पठ्ठ्यानं तर मांजराच्या वयाचा तक्ताच पाठवला. लेखकमहाशयांचं धाबं दणाणलं.

नेमकी त्या दिवशी नोंदबाईंची ताई सेटवरच्या फळ्यावरची समीकरणं तपासायला आली होती. ती खरोखरची शास्त्रज्ञ, ताऱ्यांचा अभ्यास करणारी. पण दिवेवाल्याशी पंजा लढवून ती दोनदा जिंकली, तेव्हा दिग्दर्शक नोंदबाईंच्या कानात कुजबुजले, "नक्की शास्त्रज्ञच ना? वाटत नाही हो." तिनं फळाभर पसरलेलं चुकीचं समीकरण पुसून बरोबर ते एका ओळीत लिहिलं. "एवढुसंच?" म्हणत दिग्दर्शकांनी जुनंच परत लिहून घेतलं.

शिंकांचा घोळ ऐकून ताई म्हणाली, "आमच्या प्रयोगशाळेतलं मांजर गेलं, तेव्हा आमचे सर आठवडाभर शिंकत होते. रडतोय म्हणायची लाज वाटते माणसाला."

लेखकमहाशयांनी कागद ओढला. पुढच्या भागात चष्मिसनं आपल्या मेलेल्या मांजराबद्दल शेजारणीला हेच सांगितलं, एकदाही न अडखळता. तो नट चार वर्षांत पहिल्यांदाच माणसासारखा बोलला. नोंदबाईंचेही डोळे भरून आले.

भागाचं भरभरून कौतुक झालं. मग वाहिनीच्या साहेबांचा फोन आला. "झकास! पण त-त-प-प पुन्हा सुरू करा. लोक त्यासाठीच बघतात."

"आता कसं करणार?" नोंदबाई म्हणाल्या. "शेजारणीशी त्याला बोलता येतं."

"तिच्याशी येतं ना? मग शेजारीण बदला!"

शेजारीण परगावी राहायला गेली, नवी आली, आणि चष्मिस पुन्हा अडखळू लागला. प्रेक्षकांना चूक काढायला कुठं जागाच उरली नाही. जुन्या शेजारणीच्या नटीला मात्र सोमवारपासून यायची गरज नाही, असं कळवलं गेलं. तिची पिशवी उचलून नोंदबाई तिला फाटकापर्यंत सोडायला गेल्या.