वायर बसल्याचा आवाज

ग्लिगोरच्या बोटातून रक्त येतंय, हे त्याच्याआधी वर्ग शिकवणाऱ्या तेओडोराबाईंना दिसलं. वायरीच्या टोकाची पिन अंगठ्यात चांगली रुतली होती आणि हा गडी आपला मान खाली घालून पुढची वायर उचलत होता.

"ग्लिगोरदादा, लागलंय तुम्हाला! दुखत नाही?"

"दुखतंय की," तो घाईघाईनं म्हणाला. अंगठा तोंडात घालून त्यानं थोडं कण्हूनही दाखवलं.

बाई पुढच्या टेबलाकडे गेल्या तेव्हा कुठे त्यानं अंगठा तोंडातून काढला. सव्वीस वर्षं कोळशाच्या खाणीत त्यानं हवेवर चालणारं ड्रिल धरलं होतं. त्या थरथरीनं बोटं केव्हाच मेली होती. थंडीत ती पांढरीफटक पडायची, चिमटा काढला तरी कळायचं नाही. खाण बंद झाली आणि जिऊ नदीच्या खोऱ्यात एकच दार उघडं राहिलं, मोटारींच्या वायरी जोडणाऱ्या नव्या कारखान्याचं. त्यांना जशी माणसं हवीत तशी हे प्रशिक्षण केंद्र तीन महिन्यांत घडवून देत होतं. कारखान्याची पहिलीच अट होती, बोटं धडधाकट हवीत. 'हाताचा आजार नाही' या ओळीखाली ग्लिगोरनं सही ठोकली होती. डॉक्टर सुई टोचत होता तेव्हा अर्धवट मिटल्या डोळ्यांनी सुईकडे बघत बरोबर वेळेला "आई गं" केलं होतं.

त्याची बायको व्हेता सात वर्षं इटलीत एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचं सगळं करत होती. दर रविवारी फोनवर तिचं एकच पालुपद असायचं.

"तुझी नोकरी पक्की झाली ना, की दुसऱ्या दिवशी बस धरते बघ."

म्हणून तर हा सगळा खोटेपणा.

काम तसं पोरखेळच. प्लास्टिकच्या डबीला चोवीस भोकं, प्रत्येकात एक वायर ढकलायची. नीट बसली की बोटाला बारीकसा धक्का जाणवतो, असं बाई शिकवायच्या. ग्लिगोरला कुठला धक्का जाणवायला! पण बसताना वायर टिक करून वाजायची. ड्रिलनं बोटं खाल्ली, कान कसे सोडले देव जाणे. पूर्वी खाणीत उतरताना जिथून दिवे घ्यायचे, तीच खोली आता वर्ग झाली होती आणि तिथं माशी बसली तरी ऐकू यावी इतकी शांतता. तीन महिने त्यानं आवाजावर वायरी बसवल्या. परीक्षेत एकही चूक नाही.

"लेका, तू घड्याळजीच्या पोटी जन्माला यायचास," ओप्रिया म्हणाला. तो त्याचा खाणीतला जोडीदार. त्यांच्याच पाळीतले लेओन्ते आणि पावेलही पास झाले. निघताना चौघांनी सवयीनं भिंतीवरच्या, खाणकामगारांना सांभाळणाऱ्या संत वार्वराच्या तसबिरीला हात लावला. खाणीत उतरताना लावायचे तसाच.

सोमवारी कारखान्याचं दार उघडलं आणि ग्लिगोरच्या तोंडचं पाणी पळालं. यंत्रं कचाकच वायरी कापत होती, दाबयंत्रं धाडधाड आदळत होती. पंचविशीतली सुपरवायझर प्रत्येकाच्या हातावर पिवळे बोळे ठेवत आली.

"हे कानात घातल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही."

"बाई, मग ऐकू कसं येणार?" त्यानं कसंबसं विचारलं.

"ऐकायचंय काय, काका? काम बोटांचं आहे."

पहिली डबी त्यानं तपासणी यंत्राच्या खाचेत ठेवली. लाल दिवा, म्हणजे कुठलीतरी वायर बसलीच नव्हती. दुसरीलाही लालच. सुपरवायझर त्याच्या कानाशी येऊन ओरडली, "तिसऱ्यांदा लाल लागला तर मला वर कळवावं लागेल, काका!" वर कळवलं की पुन्हा डॉक्टर, पुन्हा सुई, आणि आता तो नीट बघणार. येत्या रविवारी व्हेताला काय सांगायचं?

तिसरी डबी हातात घेऊन तो नुसता उभा राहिला. खाणीत ड्रिल सुरू असलं की कानांना काही ऐकू यायचं नाही. तेव्हा मध्येच ड्रिल जोडीदाराकडे देऊन छताखालच्या लाकडी टेकूला दात लावायचे. लाकूड मोडण्याआधी बोलतं आणि कान बंद असले तर दातांना सांगतं, असं म्हातारे खाणकामगार म्हणायचे.

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. खाली वाकून डबीची कड दातांत धरली आणि वायर ढकलली.

टिक. थेट कवटीत.

चोवीस वेळा टिक. डबी खाचेत ठेवली आणि हिरवा दिवा लागला. कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून त्यानं भीत भीत मान वर केली.

शेजारी ओप्रिया खाली वाकला होता. डबी त्याच्या दातांत होती. त्याच्या पलीकडे लेओन्ते, तोही तसाच. टोकाला पावेल, डोळे मिटून, जबडा घट्ट आवळून. तीन महिने एका बाकावर बसून कुणी कुणाला आपल्या बोटांबद्दल अवाक्षरही बोललं नव्हतं. नजरानजर झाली, पण हसलं कुणीच नाही.

सुपरवायझर वळून येताना दिसली. तिन्ही डब्या एकदम खाली आल्या.

तिनं ग्लिगोरची डबी उचलून दिव्याखाली धरली, उलटीसुलटी पाहिली.

"बघा काका!" ती ओरडली. "पडली की नाही बोटांना सवय?"

ग्लिगोरनं मान हलवली. तोंडात प्लास्टिकची चव होती. शेजारी ओप्रिया बाहीनं डबी पुसत होता.