दिलेलं प्यादं

प्लास्टर घट्ट व्हायला पाऊण तास लागतो. तेवढ्या वेळात थोरलीचा ऑनलाइन बुद्धिबळाचा एक डाव बसतो. बावीस वर्षं ती कवळ्या बनवत होती आणि त्यातली शेवटची चार वर्षं हा नेम चालू होता. साचा ओतायचा, हात धुवायचे, टॅबलेट मेणाच्या डब्याला टेकवून उभा करायचा आणि खेळायला बसायचं. वर्कशॉप म्हणजे एकच लांबट खोली. खिडकीखाली टेबल, टेबलावर गॅसची बारीक ज्योत, भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर ओळीने मांडलेले लोकांचे जबडे. नवीन माणूस आत आला की आधी दचकायचा, मग हसायचा.

त्या दुपारी ती हरली. समोर ‘शांत कासव’ नावाचा कुणीतरी होता, आणि तिला वाईट वाटलं ते हरण्याचं नव्हतं. ती काळ्याकडून खेळत होती आणि सुरुवात तिच्या आवडीची झाली होती. दोन घोड्यांचा बचाव. त्यात पांढरा लवकरच एक घोडा पुढे काढून राजाशेजारच्या कच्च्या प्याद्यावर डोळा ठेवतो. मग काळा सरळ एक प्यादं देऊन टाकतो. त्या बदल्यात त्याला वेळ मिळतो. पांढऱ्याच्या उंटाला आणि घोड्याला मागे हटावं लागतं, आणि तोवर काळ्याची फौज बाहेर पडते. हा प्रकार ती पुस्तकातून नाही, मार खाऊन शिकली होती. पहिल्या बारा खेळ्या तिला झोपेतही आल्या असत्या. तरी शेवटच्या दहा-बारा डावांत ती याच प्रकारात हरत होती.

डाव पुन्हा पहिल्यापासून लावून ती एकेक खेळी तपासत होती, तेवढ्यात धाकटी आली. धाकटी दातांची डॉक्टर. चार गल्ल्या पलीकडे तिचा दवाखाना, आणि तिथल्या सगळ्या कवळ्या थोरलीकडेच बनायच्या. एरवी त्या न्यायला दवाखान्यातली बाई यायची. आज डॉक्टर स्वतः आली होती.

“झाली का गं त्या आजोबांची कवळी?”

“प्लास्टर ओलं आहे अजून. बस. मी हरलेय, तेव्हा जरा जपून बोल.”

धाकटी स्टूल ओढून शेजारी बसली. “कुठे हरलीस?”

“तेच बघतेय. इथपर्यंत बरोबरी आहे. बघ, कॉम्प्युटरही म्हणतोय की काळ्याचं बरं चाललंय. एक प्यादं कमी, पण सगळे मोहरे मैदानात.”

“मग?”

“मग त्याने कोपऱ्यातला हत्ती हलवला आणि हे कडेचं प्यादं मोकळं पडलं. मी उंटाने खाल्लं.”

“म्हणजे हिशोब फिटला की.”

“फिटला. आणि त्याने शेजारचं प्यादं एक घर पुढे सरकवलं. उंट आत कोंडला. हत्ती परत कोपऱ्यात आला आणि खाऊन गेला.” थोरलीने खेळी दाखवली. मग मागचा डाव उघडला, त्याच्या मागचा उघडला. मोहरे वेगळे होते, घरं वेगळी होती, पण प्रत्येक डावात पंधराव्या-सोळाव्या खेळीच्या आसपास ती सगळी फौज सोडून एका प्याद्यामागे धावली होती.

धाकटीला बुद्धिबळ जेमतेम यायचं. ती म्हणाली, “पण ताई, हे प्यादं तूच दिलंस ना? कुणी हिसकावून घेतलं नव्हतं.”

“मीच दिलं.”

“मग परत कशाला मागतेस?”

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. धाकटीच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. तिने साधं विचारलं होतं, लहानपणी विचारायची तसं.

थोरलीला दंतवैद्यकीला प्रवेश मिळाला, त्याच वर्षी आई अंथरुणाला खिळली. थोरली घरी राहिली. दोन वर्षांनी धाकटीचा नंबर लागला, तेव्हा “तू जा, मी आहे इथे” असं तीच म्हणाली होती. कुणी सांगितलं नव्हतं. मग आई गेल्यावर तिने कवळ्यांचं काम शिकून घेतलं आणि त्यात नाव काढलं. पण गेली तीस वर्षं ती धाकटीकडून काहीतरी परत घेत होती. पाहुण्यांसमोर हसत हसत, “ही खुर्ची खरं तर माझी हं.” एखादी कवळी नीट बसली नाही की, “मी डॉक्टर असते तर माप असं घेतलं नसतं.” धाकटी दर वेळी हसून सोडून द्यायची. ती सोडून देते याचाही थोरलीला राग यायचा.

“इथे काय करायला हवं होतं मग?” धाकटीने विचारलं. “हा उंट इकडे ठेवला तर?”

“ठेवून बघ.”

धाकटीने पडद्यावर बोट टेकवून उंट ओढला. तो एक घर अलीकडे पडला.

“तिकडे नाही गं, त्याच्या पुढे.”

तिने परत ओढला. या वेळी तो एक घर पलीकडे गेला.

“चष्म्याचं दुकान पण मीच काढू का आता?” थोरली म्हणाली. धाकटीने तिसऱ्यांदा उंट ओढला, तेव्हा थोरलीचं लक्ष पडद्याऐवजी बोटाकडे गेलं. बोट थरथरत होतं. अगदी बारीक, ज्योतीला वारा लागावा तसं. धाकटीने हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताखाली झाकला.

“कधीपासून?”

“चार महिने.”

“कुणाला दाखवलंस?”

“दाखवलं. औषध चालू आहे. बोलता येतं, चालता येतं, सगळं येतं. दुसऱ्याच्या तोंडात हत्यार धरता येत नाही. गेल्या महिन्यापासून मी नुसती तपासते. दात काढायला, भरायला एका नव्या मुलीला घेतलंय. तिला वाटतं, मी आता मोठी डॉक्टर झालेय म्हणून आराम करते.”

“घरी?”

“अजून नाही. तुलाच आधी सांगतेय.”

थोरलीच्या जिभेवर वाक्य तयार होतं. तीस वर्षांच्या सवयीने ते आपोआपच पुढे आलं होतं: बघ, त्या खुर्चीत मी असते तर. तिला ते स्पष्ट ऐकू आलं, आणि ते किती स्वस्त आहे हेही कळलं. तिने उठून ज्योत बारीक केली. बारीकच होती. मग धाकटीचा झाकलेला हात बाहेर काढला, आपल्या दोन्ही हातांत धरला आणि धरूनच बसली. तिच्या बोटांच्या भेगांमधलं प्लास्टर धाकटीच्या हाताला लागलं.

“रडू नकोस,” धाकटी म्हणाली.

“मी कुठे रडतेय? तूच रडतेयस.”

“ताई, एक मागायचं होतं. कवळ्यांची मापं त्या मुलीला जमत नाहीत. म्हाताऱ्या माणसांना ती घाबरते, आणि म्हातारी माणसं तिला. तू येशील? मी शेजारी उभी राहीन. हात तुझा, जबाबदारी माझी.”

“कोणत्या दिवशी?”

“दर मंगळवारी, सकाळी.”

“येते,” थोरली म्हणाली. आपण लगेच हो म्हटलं याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

धाकटी गेल्यावर तिने तो डाव पुन्हा उघडला आणि कॉम्प्युटरला विचारलं. उत्तर साधं होतं. कडेच्या प्याद्याकडे बघायचंच नाही. हत्ती मधल्या मोकळ्या ओळीत आणायचा आणि सगळा भार पांढऱ्याच्या राजावर टाकायचा. पुढे पुढे प्यादं परत मिळेल किंवा मिळणार नाही. पुढच्या आठवड्यात ती हा प्रकार सहा वेळा खेळली. दोनदा जिंकली, एकदा बरोबरी झाली, तीनदा हरली. एका डावात तर हात पुन्हा त्या प्याद्याकडे गेलाच. सवय एका दुपारीत जात नाही.

मंगळवारी ती दवाखान्यात गेली तेव्हा धाकटीने तिच्यासाठी पांढरा कोट काढून ठेवला होता. तो थोरलीला आखूड झाला. पहिले आले ते एक निवृत्त शिंपी. त्यांच्या तोंडात वरचे दोन दात उरले होते आणि त्या दोघांचंही एकमेकांशी पटत नव्हतं. खुर्चीत बसून ते या दोघींकडे आळीपाळीने बघू लागले.

“तुमच्यात मोठी डॉक्टर कोण?”

थोरली मापाच्या साच्यात ठसा घ्यायचं भिजवलेलं पीठ भरत राहिली.

“मोठी ही,” धाकटी म्हणाली, “डॉक्टर मी.”

“मग माप कोण घेणार?”

“मोठी.”

शिंपी हसले. “बरोबर आहे. आमच्याकडेही माप कुणालाही घेऊ देत नसत,” असं म्हणून त्यांनी आ केला. धाकटीने दिवा वळवून नेमका धरला. त्यासाठी तिला दोन्ही हात लागले.