मॅडमची लेक

मे महिन्याच्या उन्हात जिल्हा परिषदेचे गुरुजी आणि बाई दारोदार फिरताना तुम्ही पाहिले असतील. डोक्याला रुमाल, हातात पाण्याची बाटली आणि तोंडी एकच विनवणी, "लेकरू आमच्या शाळेत घाला." पाणी मिळतं, चहाही मिळतो, आणि मग हमखास विचारलं जातं, "तुमचं लेकरू कुठं हाय?" या प्रश्नासाठी मंजुश्रीने एक हसू राखून ठेवलं होतं. त्यात ना हो होतं, ना नाही.

मंजुश्री देवणी रस्त्यावरच्या एका गावात शिक्षिका होती आणि राहायला उदगीरला. नवरा यज्ञेश बँकेत. लेक उर्वी यंदा पहिलीत जाणार होती, उदगीरच्याच एका इंग्रजी शाळेत. तिथे टाय, बूट, पिवळी व्हॅन असा सगळा थाट. यात जगावेगळं काही नव्हतं. तिच्या ओळखीतले बहुतेक शिक्षक सकाळी आपलं लेकरू व्हॅनमध्ये बसवत आणि मग दुसऱ्यांची लेकरं शिकवायला निघत. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

गावातल्या शाळेची मात्र रया गेली होती. पट घसरला म्हणून दुसऱ्या शिक्षकाची बदली झाली आणि ती जागा भरलीच नाही. शिक्षक एकच म्हणून पट आणखी घसरला. दुरुस्तीचा निधी आधी निम्मा आला, मग बंदच झाला. शौचालयाचा नळ तुटला, त्याला पाणी नाही म्हणून कुलूप लागलं, आणि मुली मधल्या सुट्टीत घराकडे पळू लागल्या. यंदा पहिलीत पुरेशी मुलं आली नाहीत तर ही शाळा हमरस्त्यापलीकडच्या गावच्या शाळेत विलीन करू, असं वरून सांगितलं होतं.

शाळा उघडायच्या दिवशी पहिलीच्या मुलांची बैलगाडीतून मिरवणूक निघते. शाळा समितीचे अध्यक्ष संगप्पा अप्पा आपली देवणी जातीची बैलजोडी झूल घालून घेऊन आले. गाडीला आंब्याचे डहाळे, फुगे, पुढे हलगी. पण गाडीत बसायला लेकरं मोजकीच. निम्मी गाडी रिकामी, आणि फोटो तर तालुक्याला पाठवायचा.

उर्वीची शाळा अजून उघडली नव्हती, म्हणून ती आईबरोबर आली होती. मंजुश्रीने तिला उचललं आणि गाडीत बसवलं. गाडी भरलेली दिसेल, एवढाच तिचा हिशोब. उर्वी तर हरखूनच गेली. गावभर मिरवली. शाळेत आल्यावर इतरांसारखे तिचेही पाय कुंकवाच्या पाण्यात बुडवून कागदावर ठसे घेतले, खाली नाव लिहिलं आणि कागद भिंतीवर लागला.

"मॅडम, पोरगी हितंच घातली व्हय?" गावातल्या जगदेवीने विचारलं. तिच्या मुलाचं, शिवांशचं नाव देवणीच्या एका खाजगी शाळेत घालायचं ठरलं होतं. त्या फीसाठी घरची कालवड बाजारात न्यायची होती.

मंजुश्रीने ते राखून ठेवलेलं हसू काढलं. या वेळी मात्र त्याबरोबर मानही हलली.

संध्याकाळी अप्पांनी गावाच्या ग्रुपवर फोटो टाकला, 'मॅडमची लेक आपल्या शाळेत.' मंजुश्रीने तो पाहिला आणि फोन पालथा ठेवला. दुसऱ्या दिवशी जगदेवी शिवांशला घेऊन आली. "तिकडचं रद्द केलं. तुमचं लेकरू हितं शिकतंय, मग आमचं का न्हाई? कालवड बी राहिली दावणीला." तिच्या मागोमाग आणखी काही घरांतली मुलं आली. शाळा वाचली.

आणि उर्वी? ती त्याच आठवड्यात व्हॅनने जाऊ लागली.

"उर्वी आली न्हाई?" जगदेवी विचारी.

"बरं नाही तिला."

हे उत्तर रोज द्यावं लागलं, आणि रोज ते जरा सहज जमू लागलं. माणूस असाच निर्ढावतो.

एके दिवशी मंजुश्री शाळेतून घरी आली, तोच दार वाजलं. बाहेर जगदेवी. एसटीने आलेली, पदर घामाने भिजलेला, पदराच्या गाठीत मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या.

"लेकीला बघाया आले, मॅडम. त्या दिवशी साऱ्या गावानं डोळे भरून बघितलं तिला. माझी बी नजर लागली आसंल. म्हणलं आपणच जाऊन दृष्ट काढावी."

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. पिवळी व्हॅन थांबली आणि टाय, बूट, पाठीवर दप्तर अशी टुणटुणीत उर्वी उड्या मारत जिना चढून आली.

जगदेवीने तिच्याकडे पाहिलं, मग मंजुश्रीकडे पाहिलं. चिडली असती तर बरं झालं असतं. ती चिडली नाही. तिने गाठ सोडली.

"आलेच हाय तर काढून जाते. लेकराचा काय दोस?"

तिने उर्वीला उंबऱ्यात उभं केलं, मूठ ओवाळली, काहीबाही पुटपुटली आणि खाली जाऊन मीठ-मोहऱ्या रस्त्याकडेला टाकल्या. मग वळूनही न पाहता स्टँडकडे चालू लागली. मंजुश्री दारातच उभी होती. इतकी लाज तिला जन्मात कधी वाटली नव्हती!

दुसऱ्या दिवशी शिवांश वर्गात आला. तिकडची जागा भरली होती, तो जाणार तरी कुठे? मंजुश्रीला फळ्याकडे तोंड करून उभं राहणं सोपं वाटत होतं. शाळा सुटल्यावर ती अप्पांच्या दुकानात गेली आणि सगळं सांगून टाकलं.

अप्पांनी हातातलं माप खाली ठेवलं. मग म्हणाले, "मी तुम्हाला कोणत्या तोंडानं बोलू? माझे दोन्ही नातू लातूरला हाईत, आन् मी हितल्या शाळेचा अध्यक्ष. दुसरा मास्तर गेला तवा जगदेवी बाया घेऊन माझ्या दारी आली व्हती. अप्पा, साहेबाला भेटू म्हणली. मी म्हणलं, सोयाबीन निघू द्या. सोयाबीन निघालं, तूर बी निघाली. मी काही गेलो न्हाई. माझं काय आडलं व्हतं?"

"पण निधी तर वरून कापतात, अप्पा."

"कापतात की. पण त्यांनी कुणाला भिऊन थांबावं? ज्यांना बोलाया येतं, त्यांची लेकरं हितं न्हाईत. ज्यांची हाईत, त्यांना आफिसात कुणी उभं करत न्हाई. तुम्ही, मी, ग्रामसेवक, समद्यांनी आपापली लेकरं काढून घेतली, आन् मग म्हणतो शाळा बिघडली."

त्या संध्याकाळी मंजुश्रीने उर्वीला गावच्या शाळेत घालायचं ठरवलं, तेव्हा यज्ञेशने हरकत घेतली. "फी भरलीय तिची. आणि इंग्रजीचं काय?"

"मी शिकवीन," मंजुश्री म्हणाली. "मला येत नसेल तर गावातल्या मुलांना मी आजवर काय शिकवलं? ती शाळा उर्वीला चालण्यासारखी नसेल, तर त्यात माझाही हात आहे की."

यज्ञेश कुरकुरला, पण आडवा आला नाही.

सोमवारी मंजुश्रीच्या स्कूटीवर मागे उर्वी होती. प्रार्थनेनंतर मुलांना सोडायला आलेल्या बायकांसमोर मंजुश्रीने हात जोडले. "मी तुम्हाला फसवलं होतं. उर्वी आजारी नव्हती." एक बाई तोंड फिरवून निघून गेली. जगदेवीने फक्त एवढंच विचारलं, "डबा आणलाय का पोरीनं? हितं खिचडी मिळती."

मधल्या सुट्टीत उर्वी आईजवळ आली. "आई, मला सू लागलीय."

मंजुश्री तिला घेऊन शौचालयापाशी गेली. दाराला गंजलेलं कुलूप. ते रोज तिच्या डोळ्यांसमोर होतं, आज पहिल्यांदा दिसलं. तिने तिथूनच तालुक्याला फोन लावला आणि कधी नव्हे तो आवाज चढवला. अप्पांना बोलावलं. अप्पांनी प्लंबर आणला, मंजुश्री आणि जगदेवी अर्ज घेऊन कार्यालयात जाऊन बसल्या आणि सही मिळाल्याशिवाय उठल्या नाहीत. आठवडा सरायच्या आत नळाला पाणी आलं आणि कुलूप निघालं.

मुली रांगेने आत जाऊन नळ सोडून बघत होत्या. चौथीतली अंबिका हात पुसत बाहेर आली. "मॅडम," तिने अगदी सरळ विचारलं, "हे आधी का न्हाई उघडलं?"

मंजुश्रीपाशी यासाठी कोणतंच हसू शिल्लक नव्हतं. ती अंबिकासमोर खाली बसली. "चुकलं माझं," ती म्हणाली.

वाचकहो, दुसरा शिक्षक अजून आलेला नाही. त्यासाठी लातूरला खेटे चालू आहेत, आणि आता अप्पा सोयाबीन निघायची वाट बघत नाहीत. पण अंबिकाचा प्रश्न एकट्या मंजुश्रीला नाही. जी शाळा आपल्या लेकराला चालत नाही, ती दुसऱ्याच्या लेकराला चालेल असं म्हणण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला? सरकारी शाळेचा पैसा कापणारे हात वर असतील, पण आपलं लेकरू तिथे नाही म्हणून तो कापू देणारे आपणच आहोत. निदान अंबिकाने विचारलं, तर मान खाली घालून खरं तरी सांगावं.