पाऊस न पाहिलेली कॉर्व्हेट

ऑर्विल स्टकीने बासष्ट सालची लाल कॉर्व्हेट गाडी नव्याहून नवी केली होती. कारखान्यात कुणा कामगाराने चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, खडूने वेडीवाकडी खूण केली होती. ऑर्विलने तीही तितकीच वेडीवाकडी परत काढली. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनातले परीक्षक गाडीखाली आरसे सरकवून असलं सगळं बघतात आणि धुळीचे मार्क कापतात. म्हणून गाडी प्रदर्शनाला जायची ती बंद ट्रेलरमधून, पांघरूण घेऊन, आजारी राजासारखी.

"तळ्यापर्यंत एक चक्कर मारू या की," त्याची बायको लिओना दर उन्हाळ्यात म्हणायची.

"हे प्रदर्शन होऊ दे."

प्रदर्शनं होत राहिली. लिओनाचा खुबाही बदलून झाला. आता दोघं वृद्धांच्या वसाहतीत राहायला जाणार होती. तिथे गॅरेज नव्हतं, म्हणून गाडी विकायला काढली.

शनिवारी सकाळी डेल्बर्ट राउश नावाचं गिऱ्हाईक पांढरे हातमोजे घालूनच आलं.

"पावसात भिजली नाही ना कधी?"

"पावसात? हिच्याजवळ मी कधी शिंकलोसुद्धा नाही."

"खरंय," लिओना म्हणाली. "शिंक आली की तो आमच्या बेडरूममध्ये येतो."

राउशला गाडी पसंत पडली. "मीही चालवणार नाही, निश्चिंत राहा," तो म्हणाला. आपल्या ट्रेलरची फळी त्याने आधीच खाली टाकली होती.

लिओनाने डोक्याला रुमाल बांधला. "चल, ऑर्विल. घटकाभरात गाडी परक्याची."

ऑर्विल आणि राउशने मिळून लिओनाला उचललं आणि त्या बुटक्या सीटवर ठेवलं. "बाई, कोटाची बटणं रंगाला लावू नका," राउश विनवत होता. ऑर्विल चाकाशी बसला. गाडी गुरगुरली, अंगणातून निघाली आणि फाटकाशी, टपालपेटीजवळ, खोकून बंद पडली.

शिळ्या पेट्रोलचा चिकटा धरू नये म्हणून ऑर्विल टाकीत पेट्रोल ठेवतच नसे. ट्रेलरवर चढण्यापुरतं घोटभर घालायचा.

"गवत कापायच्या यंत्राचा कॅन आहे, आणतो," तो म्हणाला.

"अहो, वेड लागलं का?" राउश धावत आला. "टायर गाडीच्याच काळातले आहेत ना? वळणापर्यंत चिंध्या होतील. आणि खडी उडाली तर?"

ऑर्विलने दाराच्या कडीवरचा हात काढून घेतला. ते न वापरलेले म्हातारे टायर मिळवायला तो स्वतः तीन राज्यं फिरला होता. आणि हेच बोलणं इतकी वर्षं तो बायकोला ऐकवत आला होता. दुसऱ्याच्या तोंडी ते किती मूर्खासारखं वाटतं, हे त्याला आज कळलं.

"ढकलायची का मग?" राउशने विचारलं.

"थांबा जरा," लिओना म्हणाली.

शेजारची बाई कुत्रा घेऊन गेली. लिओनाने तिला हात केला. मग ती मागे रेलली आणि समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिली.

"जरा हळू घे रे," ती म्हणाली.

ऑर्विलने ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा उचलला.